कामातून गेलेले गुडघे

“वहिनी, तुझं काय बाई, बटण दाबलं की वर!” नणंद म्हणाली आणि टेकडीवरच्या बाकांवर बसलेले सायकल ग्रुपमधले सगळे हसले. नुकताच धापा टाकत पोचलेला नवराही हसला.

हेल्मेट काढता काढता तीही हसली. मोटरची सायकल आल्यापासून दर रविवारी ती अशीच हसत आली होती.

“चिडवू नका रे तिला,” नवरा म्हणाला. “गुडघे कामातून गेलेत तिचे. म्हणून तर घेऊन दिली.”

“दादा किती करतो तुझं! आमच्याकडे विचारतंय कोण?” नणंद म्हणाली.

तिचं हसू जागच्या जागी विरलं. तिचे गुडघे कधी दुखलेच नव्हते.

आता तिला उलगडा झाला. तिच्या चष्म्याच्या दुकानात येणारी माणसं अलीकडे नंबर तपासून घेता घेता तिलाच तेलं आणि लेप सुचवायची. शेजारच्या काकूंनी तर परवा जिन्यात तिच्या हातातली पिशवी काढून घेतली होती. तिला वाटलं होतं, काकू मायाळू आहेत.

“माझे गुडघे कधी दुखले रे?” घरी आल्या आल्या तिनं विचारलं.

“आज नाही तर उद्या दुखतीलच. काळजी वाटली म्हणून बोललो. तुझ्यासाठी काही करायचीही सोय नाही!”

“गावभर दवंडी पिटण्याआधी मला तरी विचारायचंस!”

तो पेपर उघडून बसला. तिच्या अंगाची लाही लाही झाली. मोटरची सायकल त्यानं तिच्या वाढदिवसाला आणली होती, हँडलला लाल रिबीन बांधून. त्याआधी दोघं साध्या सायकलींवर टेकडी चढायची. कधी त्याची चेन उतरायची, कधी ब्रेक घासायचा, आणि तिला वर थांबून त्याची वाट पाहावी लागायची.

पुढच्या रविवारी तिनं गॅलरीतली जुनी सायकल बाहेर काढली. हवा भरली, चेनला तेल दिलं. नवरा दारात आडवा उभा राहिला.

“हट्ट करू नकोस. लोक मला नावं ठेवतील.”

“ठेवू देत,” ती म्हणाली आणि त्याच्या बाजूनं सायकल बाहेर काढली.

चढ सुरू झाला आणि तिला दरदरून घाम फुटला. मोटरनं पाय आळशी केले होते. एकेक करून सगळे पुढे गेले. “उतर आणि ढकलत आण गं!” नणंद ओरडली. नवरा न बघताच पुढे निघून गेला. ती उतरली नाही. हलका गिअर टाकून पॅडल मारत राहिली. तिला लोकांच्या दयेचा राग येत होता, त्या रिबिनीचा येत होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या मुकाट हसण्याचा. तो राग पायांत उतरला. श्वास जमला. मधल्या सपाटीवर तिनं ग्रुपमधल्या दोघांना मागे टाकलं, मग नणंदेला. शेवटच्या चढावर नवऱ्याची पाठ दिसली. तो वाकडातिकडा चालवत होता.

“थांब जरा,” ती शेजारून जाताना तो म्हणाला.

ती थांबली नाही.

मागून वर पोचलेल्या नणंदेनं वाकून सायकल खालून वरून पाहिली. “मोटर कुठंय?”

“घरी.”

मग नणंदेनंच टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी साथ दिली.

शेवटच्या चढावर दमलेला नवरा सगळ्यांच्या मागून आला. बाकांकडे न जाता तो थेट तिच्यापाशी आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. तिला वाटलं, आता तरी चुकलं म्हणेल. तिचा राग थोडा निवळलाही.

इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून तो अगदी जवळ वाकला.

“तू माझ्याआधी पोचतेस म्हणून तर घेऊन दिली होती ती सायकल,” तो दातओठ खात म्हणाला. “आता मी यांना काय सांगू?”