सुलटा चंद्र

"काय पाह्यचं आहे, त्यावर माप ठरते काका," दुकानदार निकेश म्हणाला. "चंद्र पाह्यचा का तारे?"

"शनीची कडी," गुणवंतराव घाईघाईनं म्हणाले. चंद्रपूरच्या एसटीत सगळी वाट ते हेच घोकत आले होते.

ताडोबाच्या पर्यटकांना दुर्बिणी विकणारं ते दुकान. आकाश पाहायच्या दुर्बिणी कोपऱ्यात होत्या. निकेशनं त्यातल्या सगळ्यात जाड दुर्बिणीच्या पाठीवर थाप मारली. "मग ही घ्या. आठ इंची. आतमधी आरसा आहे. आरसा जेवढा मोठा, तेवढा उजेड जास्त गोळा होते. गावात अंधार मस्त असन. आंगणात ठेवा, सारं आभाळ तुमचं."

गुणवंतरावांनी त्या पिंपाकडे पाहिलं. ते बुडावर बसलं होतं, पोत्यासारखं. आपल्या तलावाकाठच्या आंगणात ठेवलं तर समोर येईल फक्त कुंपणाचा कूड. आभाळ त्यांना नकोच होतं. त्यांना हवा होता तलावाचा पल्याडचा काठ.

त्यांनी चोरून मागं पाहिलं. त्यांची बायको आशाबाई स्टुलावर पिशवी मांडीत घेऊन बसल्या होत्या. 

तीन वर्षांमागं दिव्यानी, त्यांची एकुलती लेक, पल्याडच्या ढिवरांच्या, मासे धरणाऱ्यांच्या मोहल्ल्यातल्या अतुलसंगं निघून गेली. जातीच्या चार माणसांनी दोघा नवराबायकोला तलावावर नेलं. मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी लेकीच्या नावानं आंघोळ करायची होती. आधी पाण्यात उतरल्या आशाबाई. केस मोकळे, डोळे कोरडे. गुणवंतरावांनी ओंजळीत पाणी घेऊन शपथ घेतली, जिवंत आहे तोवर तिचं तोंड पाहणार नाही. त्या दिवसापासून घरातून लेकीचं नावच गेलं. कोणी चुकून काढलंच, तर आशाबाई ताटावरून उठायच्या.

पण तलावाच्या पाळीवर, बांधावर उभं राहिलं की पल्याडची घरं दिसायची, काडेपेटीएवढी. एखादा लाल ठिपका हलायचा. लुगडं? का वाळत घातलेलं जाळं? मग यंदा थंडीत कानावर आलं, दिव्यानीला मुलगी झाली. तेव्हापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. बसलं की पाय उठायचे, चालू लागलं की वाट संपायची. पाळीवर जायचे, परत यायचे, बांधलेला बैल सोडून पुन्हा बांधायचे.

एका पहाटे त्यांना तोड सुचली. गिऱ्हान लागलेला सूर्य सरळ पाहू नये, परातीतल्या पाण्यात पाहावं. डोळ्याला बाधत नाही. मग काचेत पाहिलेलं तोंड शपथेला कसं बाधेल?

"काका, देऊ का बांधून?" निकेशनं विचारलं.

"जड आहे जी. ते तिपाईवालं..."

"ते लहान आहे. चंद्र दिसन, कडी जराशीच दिसन. पैसे टाकूनच राह्यले तर मोठं न्या."

"अन् त्या पिंपापाशी वाकू वाकू पाह्यलं की यांचे गुडघे कोण दाबन?" आशाबाई स्टुलावरूनच बोलल्या. "तू येशीन काय रोज? उभ्यानं पाह्यता येते ते दे."

निकेश हसला. "तसंच करू काकू. पण एक सांगतो, याच्यात चित्र उलटं दिसते. आभाळात काही फरक पडत नाई म्हणा."

गुणवंतराव तिपाईपासून मागं सरले. लेक उलटी पाहायची? "सुलटं दिसाचं काही नसते काय?"

"आहे ना, वेगळी काच लावा लागते. पण तारे पाह्यले कायले पाह्यजे?"

गुणवंतराव उपरण्यानं नळी पुसू लागले. मागून आशाबाई खेकसल्या, "उलटा चंद्र आमच्या घरी नाई चालत. सुलटा दिसन ते लाव, अन् लवकर लाव. एसटी चुकन."

गुणवंतरावांनी सुटकेचा श्वास सोडला. बायकोचा खाष्टपणा आयुष्यात पहिल्यांदा कामी आला होता.

गावात दुर्बिणीचा बोभाटा झाला. संध्याकाळ झाली की माणसं आंगणात जमायची, चंद्रावरचे खड्डे पाहायची. "म्हातारपणी बुढ्याले तारे दिसून राह्यले," शेजारचा डोमा म्हणायचा, आणि सारे हसायचे. गुणवंतरावही हसायचे. मन मात्र कुंपणाबाहेर. एकटं असं मिळेचना. आशाबाई दारातच सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या.

शेवटी बाजाराचा दिवस उजाडला.

"मी येतो जाऊन," आशाबाईंनी पिशवी उचलली. "मले वेळ लागन. पाह्यत बसा तुमचे तारे."

"दिवसा कुठचे तारे?"

"मले काय मालूम? तुमची दुर्बीन, तुमचे तारे." आणि त्या गेल्या.

पाऊल वाजेनासं होईपर्यंत ते थांबले. मग उन्हं चांगली वर येईपर्यंत आणखी थांबले. तिपाईचे पाय ओढून लांब केले, नळी कुंपणावरून खाली वळवली. काच फिरवली, तसा पल्याडचा काठ धावतच जवळ आला. पाणी. शिंगाड्याची पानं. उपडा पडलेला मासेमारीचा डोंगा. पळसाखाली एक घर, सारवलेलं आंगण.

आणि दिव्यानी.

वाळली होती. चुलीपुढं बसून कोणाशी तरी बोलत होती, हसत होती. गुणवंतरावांनी डोळा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला. नात कुठं होती? तिच्यासमोर एक बाई पाठमोरी बसलेली. तिच्या खांद्यावर काळ्या जावळाचं एवढंसं डोकं. सासू असेल. "जराशी फिर ना वो बाई," ते तिला पुटपुटले, तलावाएवढ्या अंतरावरून. "एकडाव फिर."

बाई फिरली. उठून आंगणाच्या कडेला आली, बाळाला दोन्ही हातांत उंच धरलं, त्याचं तोंड बरोब्बर गुणवंतरावांच्या कुंपणाकडे केलं, आणि धरूनच राहिली. ती आशाबाई होती.