उगवतीची पट्टी

फुगा नारळांच्या शेंड्यांवर आला तेव्हा निर्मळमधल्या त्या गल्लीची सकाळची लगबग थांबली. दूधवाल्याने स्कूटर बंद केली. देवळात निघालेल्या बायका फुलांच्या परड्या सावरत, माना वर करून उभ्या राहिल्या. केशरी, खोलीएवढा फुगा आणि त्याला खालून दोर. वारा सुटायच्या आत काम उरकायचं, म्हणून फुगा सोडणारी मंडळी अंधारातच येऊन बसली होती.

जयवंतीबाई आपल्या वाडीतल्या विहिरीच्या चौथऱ्यावर उभ्या होत्या, नुकत्या न्हाऊन आलेल्या. शेजारी ज्ञानदा कॅमेरा लावत होती. नवी इमारत कुठून कशी दिसेल, काय काय झाकेल, हे बघून अहवाल द्यायचा, हे तिचं काम. रस्त्यापलीकडे, पूर्वेला, बावीस मजल्यांचा टॉवर यायचा होता. फुगा त्याच जागेवरून वर चढत होता.

"फुगा थांबेल तिथे गच्ची, आजी," ज्ञानदा म्हणाली.

समोर तुंगारेश्वरचा डोंगर होता. फुगा हळूहळू त्याच्या माथ्याच्या रेषेला येऊन टेकला.

"सहावा मजला," दोरवाल्याचा आवाज प्रितेशच्या फोनमधून आला. प्रितेश बिल्डरचा माणूस.

"झालं?" जयवंतीबाईंनी विचारलं.

"नाही. अजून सोळा."

गल्लीत कुणीतरी हसलं. मग फुगा चढतच राहिला आणि हसू विरून गेलं. एवढं आभाळ रोज आपल्या डोक्यावर असतं, हे गल्लीला जणू आजच कळत होतं. फुगा थांबला तेव्हा डोंगर दोराच्या गुडघ्याशी होता. ज्ञानदाने दोन्ही तळवे उभे धरून इमारतीची रुंदी दाखवली. तळव्यांच्या मध्ये डोंगर सगळाच्या सगळा मावला.

"टेन्शन नका घेऊ, आजी," प्रितेश म्हणाला. विहिरीपासून रस्त्यापर्यंत जमिनीची एक पट्टी होती, तिच्याकडे त्याने बोट दाखवलं. "ही जागा मोकळीच आहे. इथे आम्ही उंच झाडं लावून देतो. चार-पाच वर्षांत बिल्डिंग दिसणारच नाही. फक्त तुम्ही हो म्हणा."

त्या एका होकारावर सगळं अडलं होतं. झाडांनी टॉवर झाकला की बावीस मजल्यांना वाट मोकळी. नाही झाकला, तर मजले कमी करा, असं ज्ञानदा लिहिणार होती. आज काम होईल, असा शब्द प्रितेश ऑफिसात देऊन बसला होता.

"झाडं लावल्यावर डोंगर दिसेल?" जयवंतीबाईंनी विचारलं.

प्रितेशने हा विचारच केला नव्हता. "डोंगर... तो पण झाडांच्या मागे जाईल ना."

जयवंतीबाईंनी मान हलवली. "वाडी बघितलीस? नारळाखाली केळ, केळीखाली अळू. हाताएवढी जागा आम्ही रिकामी ठेवत नाही. मग एवढी पट्टी का सुटली असेल?"

"जमीन खराब असेल."

त्या हसल्या. "सोनं आहे ती. पण इथे मोगरा लावायचा, भाजी लावायची. माणसाच्या गुडघ्यावर जाईल असं काही लावायचं नाही, असं सासऱ्यांच्या आजोबांपासून चालत आलंय. आमच्या ह्यांनी एकदा गुपचूप दोन नारळ रोवले होते. सासूबाईंनी सकाळी उपटून त्यांच्या हातात दिले. वर दिवसभर बोलल्या नाहीत."

"पण का?" ज्ञानदाने विचारलं.

जयवंतीबाई बाजूला झाल्या. त्या उभ्या होत्या तिथला दगड झिजून मधे खोलगट झाला होता. "ये बाबा, इथे उभा राहा," त्या प्रितेशला म्हणाल्या. "घरातलं प्रत्येक जण न्हाऊन आधी इथे उभं राहतं. मग चहा, मग काम."

प्रितेशने का कोण जाणे, बूट काढले आणि तो दगडावर चढला. दगड गार होता. तो राहायचा त्या चंदनसारला त्याच्या खिडकीसमोर दुसऱ्याची खिडकी होती. तिथूनही डोंगर हाकेच्या अंतरावर, पण शेवटचा नीट कधी पाहिला होता ते त्याला आठवेना.

डोंगराच्या माथ्यावर आधी एक ठिणगी दिसली. मग बघता बघता सगळी कड पेटली आणि सूर्य वर आला. दोन्ही बाजूंची वाडी अजून काळोखात होती. उजेड फक्त त्या पट्टीतून आला. दव पडलेल्या मोगऱ्यावरून, माठाच्या लाल पानांवरून तो सरळ विहिरीकडे आला आणि प्रितेशच्या अनवाणी पायांवर पडला. मागे विहिरीचं पाणी लखलखलं. बायकांनी परड्या काखेत धरून हात जोडले. ज्ञानदा कॅमेऱ्याचं बटण दाबायचं विसरली. फुगा अजून वरच होता, पण त्याच्याकडे आता कुणी पाहत नव्हतं.

प्रितेशच्या हातातला फोन वाजला. त्याने न बघताच उचलला, स्पीकर चालूच होता.

"काय रे, झालं का? म्हातारी हो म्हणाली?" साहेबांचा आवाज आला. "ती जागा मोकळी आहे ना?"

प्रितेशने फोन तोंडाजवळ नेला.

"नाही सर," तो हळूच म्हणाला. त्याचे डोळे डोंगरावरून हलले नव्हते. "भरलेली आहे."