पांढऱ्या फुलांचं झुडूप

छाटणीची कात्री शेवटी फ्रिजमध्ये सापडली. आजींनी ती फडक्यानं पुसली आणि काही न बोलता आजोबांच्या हातात दिली. या वयात माणसाला किती टोचायचं!

थंडी कडाक्याची होती. मुलगा दुपारपर्यंत यायचा होता. परवा फोनच्या स्पीकरवर तो जे बोलला ते दाराआडून आजींच्या कानावर पडलं होतं. “बाबा, आता हे घरी निभायचं नाही. तिथं चांगली काळजी घेतात. मी येऊन बघतो, मग ठरवू.”

या बागेपासून तोडलं तर हा माणूस तग धरणार नाही, हे त्या जाणून होत्या. म्हणून मुलगा येईपर्यंत थंडीतली सगळी कामं बिनचूक उरकायला हवी होती.

“गुलाब कुठं कापायचा गं?” आजोबांनी विचारलं.

आजींनी एक फांदी पुढे ओढून धरली. उभा जन्म बागेत घालवलेला माणूस हा! “बाहेर तोंड असलेल्या कोंबाच्या डोळ्याच्या जरा वर. तिरका कापा, पाणी साचायला नको.”

“आणि हा पाचोळा?”

“मुळांवर पसरा. खोडाला चिकटवू नका, कुजतं.”

“बरोबर,” आजोबा म्हणाले.

स्वतःला आठवेना, वर शाबासकी द्यायची! जित्याची खोड, दुसरं काय. आजींना तेवढ्यातही हसू आलं.

मग दोघं भिंतीलगतच्या झुडपापाशी आले. वसंतात ते पांढऱ्या फुलांनी नुसतं लगडायचं. गेल्या हिवाळ्यात मात्र ते बुंध्यापर्यंत छाटलं गेलं आणि वसंतात एक फूल आलं नाही. घरात माणसं दोनच. आजींनी आजोबांना त्याबद्दल चकार शब्दानं विचारलं नव्हतं.

आजोबांनी कात्री त्यांच्यापुढे धरली. “हे तू छाट.”

आजींनी झटकन हात मागे घेतला. “अहो, भलतंच काय! यानं कळ्या धरल्यात आत्ताच. फुलून गेल्यावर छाटायचं याला.”

आजोबांनी कात्री मिटून खिशात घातली. त्यांचे डोळे भरून आले. चूक उमगली बिचाऱ्यांना, असं वाटून आजींना गलबलून आलं.

“असू द्या,” त्या म्हणाल्या. “मी आहे ना.”

फाटक वाजलं. आजींनी लगबगीनं पुढे होऊन मुलाला वाटेतच गाठलं. “सगळी छाटणी यांनीच केली रे. मी आपली नुसती उभी होते. एक चूक नाही! यांना कुठं पाठवायचं नाव काढू नकोस, सांगून ठेवते.”

मुलानं त्यांचे गारठलेले हात आपल्या हातांत घेतले आणि त्यांच्या डोक्यावरून बापाकडे पाहिलं.

“राहू दे तिला इथंच,” आजोबा म्हणाले. “गेल्या वर्षी स्वतः तोडलेल्या झुडपाला आज तिनं हात लावला नाही.”