सेनापतीचा कैवार

"सेनापतीनं काय म्हणावं, म्हंजे ते नायिका माफ करन?"

मोहफूल नावानं आलेला हा प्रश्न वाचून हर्षानं कपाळाला हात लावला. प्रेमाच्या त्या मोबाइल गेममध्ये नायिका आपण असतो. सेनापती, वैद्य अशा चार नायकांतला एक निवडायचा आणि त्याच्याशी काय बोलायचं ते ठरवायचं. आणि ही बया रोज गेमच्या ग्रुपवर येऊन नायकानं काय बोलावं ते विचारायची!

"अगं, तू नायिका आहेस. त्याचं टेन्शन तू कशाला घेतेस?" हर्षानं लिहिलं.

"मले त्याची दया येते."

झालं! त्या 'मले'वर पुण्या-मुंबईच्या पोरी खिदळल्या. हर्षानंही हसरा चेहरा टाकला. ती स्वतः गडचांदूरची पोर, घरी दिवसभर मले-तुलेच करणारी. ग्रुपवर मात्र शुद्ध बोलायची. टाकताना तिची तिलाच लाज वाटली, तरी टाकलाच.

सेनापती तसा कुणालाच आवडत नव्हता. भरल्या दरबारात नायिकेचा पाणउतारा करतो आणि शेवटच्या भागात फुलं घेऊन येतो. हर्षाचा जीव शांत स्वभावाच्या वैद्यावर.

"हर्षा, चाय मांड ना," बाबांनी हाक मारली.

तिनं फोन ओढणीखाली लपवला. सव्वीस वर्षांच्या घोडीनं असले गेम खेळायचे! बाहेर तिचे बाबा, श्रीहरीभाऊ, तिच्याच जुन्या फोनवर डोळे बारीक करून काहीबाही पाहत होते. आई रुसून धानोऱ्याला मामाकडे गेल्यापासून त्यांचा दिवस असाच जायचा.

"बाबा, आईले एक फोन तरी करा."

"पाहू."

दगड बरा! आई परत यावी म्हणून हर्षाचा जीव तीळतीळ तुटत होता आणि हा माणूस म्हणतो, पाहू. चहाचा कप तिनं त्यांच्यापुढे आदळलाच.

आत येऊन पाहते तर मोहफूलनं पुन्हा विचारलं होतं, "तो सोताहून घरी गेला तर? दार उघडन का ते?"

हर्षाच्या बोटांत राग होताच. "जन्मभर तोडून बोलायचं आणि मग दारात येऊन उभं राहायचं? असा माणूस दारात वाळून गेला तरी कडी काढू नये."

पोरींनी टाळ्यांचा पाऊस पाडला. मोहफूल ग्रुप सोडून गेली.

मग मात्र हर्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुण्या गरीब पोरीला आपण सगळ्यांदेखत रडवलं. माफी मागावी तर तिचं खरं नावही ठाऊक नाही.

सकाळी ती उठली तेव्हा बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते. शेजारी पिशवी, पिशवीत शेवंतीची वेणी.

"धानोऱ्याले जाऊन राह्यले?" हर्षाला आनंदानं रडूच फुटायचं बाकी होतं.

"जाणार होतो." त्यांनी शर्टाचं एक बटन काढलं, मग दुसरं. "आता नाई जात."

"काऊन?"

बाबांनी मान वर केली नाही. "माणूस दारात वाळून गेला तरी कडी काढू नये, म्हणतेत पोरी."