शेवटची लाइफ

नदीमच्या वेबकॉमिकचा नवा भाग आला आणि चाहत्यांच्या ग्रुपवर एकच गलका झाला. योद्ध्याने ढाल-तलवार बहिणीच्या हवाली केली होती; डोक्यावर एकच लाल बदाम उरला होता.

"हे जुन्या गेममधलं! शेवटची लाइफ!"

"सामान वाटलं, म्हणजे आता लॉगआउट!"

नदीमची बहीण अक्साही हे वाचत होती. भावाने आज सकाळीच स्वतःचा चित्रं काढायचा टॅब तिला देऊन टाकला होता. तिने लगेच त्याला फोन लावला.

"भाई, कुठं हायस?"

फोनमध्ये वारा घोंघावत होता.

"जेटीच्या टोकाला," नदीम म्हणाला. "सगळे गेमच ओळखतायत गं, अक्सा. त्यातला मी कुणालाच दिसलो नाही."

"भाई, तू बोलत राहा. फोन ठेवू नको."

ती अनवाणी धावत पोचेपर्यंत तो बोलत राहिला.