बॉनेटवरचे धागे

शहराबाहेरच्या शहीद पथ या हमरस्त्यावर दुपारी दोनला सानिकानं गाडी ऐंशीला स्थिर केली आणि म्हणाली, "बाबा, रीडिंग."

"ब्याण्णव," मधुसूदन म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहिलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी प्रयोगशाळेची सवय सुटली नव्हती. वहीला समास आखलेला होता. मे महिना, एसी बंद, डोक्यावर ओला नॅपकिन.

बापलेकीचा करार साधा होता. टर्बो बसवल्यापासून इंजिन दोनदा उकळलं होतं. आज तापमानाचा आकडा एकशे पाचच्या वर गेला तर गाडी महानगर मोहल्ल्यातल्या माणिकजींना विकून टाकायची. तसं झालं तर ते आजच पाचला न्यायला येणार होते. नाही गेला तर रविवारी धावपट्टीवरच्या शर्यतीत सानिका ती पळवणार. महिनाभर तिनं अंगणात बसून मोठा रेडिएटर बसवला, दुसरा पंखा जोडला, बंपरच्या आत पत्रा वाकवून हवेला वाट करून दिली. काल शेवटी बॉनेटच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून काचेकडची कड बोटभर उचलली. इंजिनाची गरम हवा तिथून बाहेर पडावी म्हणून.

पडते का, हे कळायला तिनं आईच्या देवघरातला कलावा, पूजेचा लाल धागा, वीत-वीत तोडून त्या फटीवर ओळीनं चिकटवला होता. सात तुकडे. सानिकानं नजर रस्त्यावरच ठेवायची, ही मधुसूदनांची अट. म्हणून धाग्यांकडे बघायचं काम आईचं. लतिकाताई मागच्या सीटवर मधोमध पुढे सरकून बसल्या होत्या. आज गुरुवार, आणि गुरुवारी दिवेलागणीपर्यंत त्यांचं मौन असे, तेव्हा खूण ठरली होती: धागे बाहेर उडाले तर एक टाळी, आत ओढले गेले तर दोन.

"मौनी साक्षीदार," मधुसूदन म्हणाले. "आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये असे दोघंतिघं होते. प्रमोशन त्यांनाच मिळालं."

लतिकाताई आवाज न करता हसल्या.

सानिकानं वेग वाढवला. शंभर. एकशे दहा.

मागून दोन टाळ्या आल्या.

"दो? आई, ठीक से देखो ना. बाहेर यायला हवेत."

पुन्हा दोन.

"अगं, गरम हवा वर जाते. शाळेतलं आहे हे," मधुसूदन मागे न बघता म्हणाले. "नव्याण्णव."

"नेट पर सबने यही किया है, बाबा. पंखा धोका दे रहा होगा."

"एकशे दोन."

दोन टाळ्या, बांगड्यांसकट.

"एकशे सहा." मधुसूदनांनी आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ मारली.

सानिकानं गाडी कडेला घेतली. इंजिन सुरूच ठेवलं. पंखे घोंगावत होते आणि आकडा उतरत होता. एकशे एक. सत्त्याण्णव.

"उभी राहिली की उतरतंय, पळाली की चढतंय," मधुसूदन पुटपुटले. "उलटंच आहे सगळं."

लतिकाताई खाली उतरल्या. फटीतून येणाऱ्या गरम हवेनं धागे आता बाहेर हलत होते. त्यांनी पहिला धागा दोन बोटांत धरला आणि फटीत आत सारला. मग दुसरा. मग तिसरा. सातही सारून झाल्यावर त्यांनी काचेतून मुलीकडे पाहिलं.

सानिकाची नजर धाग्यांवरून काचेवर गेली.

"बाबा," ती म्हणाली, "पळताना हवा काचेवर आपटते. जाणार कुठे? त्या फटीतून अंदर. मग रेडिएटरमधून येणारी हवा अडते. मैंने खुद उसके लिए दरवाज़ा खोल दिया."

ती पाना आणायला डिकीकडे गेली.

"फक्त वॉशर काढ," मधुसूदन म्हणाले. "दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. एका वेळी एकच बदल."

बोल्ट तापलेले होते. तिनं बाबांच्या डोक्यावरचा नॅपकिन ओढून हाताला गुंडाळला.

दुसऱ्या फेरीत तिनं गाडी दहा मिनिटं एकशे दहावर ठेवली. मधुसूदन दर मिनिटाला आकडा सांगत होते. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. चौऱ्याण्णव. पुढे त्यांनी सांगणंही सोडलं, नुसतं लिहीत राहिले.

पुलाच्या सावलीत गाडी थांबली.

"तो?" सानिकानं विचारलं.

मधुसूदनांनी एक पान मागे उलटलं. "एकशे सहाची नोंद आहे, सानू."

"वो गलती थी. सापडली ना गलती."

"सापडली. छान सापडली. पण झालेली नोंद खोडता येत नाही. करार तुझाच होता, आणि मी माणिकजींना शब्द दिलाय."

सानिकानं इंजिन बंद केलं. किल्ली काढून तिनं ती वहीवर ठेवली.

तेवढ्यात डॅशबोर्डवरचा मधुसूदनांचा फोन वाजला. माणिकजी. मधुसूदन चष्मा पुसत होते. मागून लतिकाताईंचा हात आला. त्यांनी फोन उचलला, बटण दाबलं आणि कानाला लावला.

"नमस्ते भाईसाहब! तो पाँच बजे आ जाएँ?" आवाज पुढच्या सीटपर्यंत ऐकू येत होता. "गाड़ी तैयार है ना? हेलो? हेलो, भाईसाहब?"

लतिकाताई लक्ष देऊन ऐकत होत्या.

"आवाज़ नहीं आ रही आपकी..."

फोन बंद झाला. मधुसूदनांनी हात पुढे केला. "अगं लतिका, दे तो इकडे."

त्यांनी दिला नाही.

फोन पुन्हा वाजला. लतिकाताईंनी पुन्हा उचलला. दिवेलागण पाचच्या पुष्कळ नंतर होती.