तिघांचं उष्टं

ड्रायव्हर चिसोमोने तोंडातलं च्युइंगम काढलं आणि शलाकापुढे तळहात पसरला. "एवढ्यानं भागणार नाही, सिस्टर. तुम्हीही एक चावून द्या."

मलावीतल्या त्या कच्च्या रस्त्यावर दगड लागून जीपच्या पेट्रोलच्या टाकीला चीर पडली होती. मागे पेटीत लसींभोवतीचा बर्फ वितळत होता आणि पुढच्या गावात लेकरं घेऊन बाया ताटकळल्या होत्या. पण उष्टं? साताऱ्याच्या घरी शलाका आईच्या पेल्यालाही तोंड लावत नसे. शिसारी गिळून तिने च्युइंगमच्या पाकिटातलं एक चावलं आणि त्याच्या हातावर थुंकलं. वाटेत जीपमध्ये घेतलेल्या म्हातारीनेही एक मागून घेतलं, बोळक्यात चघळून दिलं. तिघांचं उष्टं एकत्र मळून चिसोमोने चिरेवर थापलं. गळती थांबली.

शलाकाच्या संस्थेचे अध्यक्ष दांडेकरसर एवढा वेळ झाडाखाली नाकाला रुमाल लावून उभे होते. "शी! काय घाणेरडी माणसं!" आता मात्र ते लगबगीने आले. संस्थेचा बॅनर त्यांनी जीपवर सोडला, चिसोमोला खुणेनेच बाजूला सारलं आणि त्याचा पाना घेऊन टाकीपाशी उकिडवे बसले. "काढ गं फोटो. माझे हात नीट दिसू देत."

हात अगदी स्वच्छ होते. शलाकाला खरी शिसारी आता आली. तिने फोन पिशवीत टाकला, पाकिटातलं शेवटचं च्युइंगम सरांपुढे धरलं आणि दुसरा तळहात पसरला.

"आधी चावा, सर. फोटोत यायचं तर तुमचीही थुंकी लागेल."